राजवाडा फीडरची पाळी

१२ ऑक्टोबर २००८

वारा पडला! दक्षिणेकडे डोंगरापाशी पवनचक्क्या नुसत्या उभ्या आहेत म्हणे, आणि आमच्या सबस्टेशनात सकाळपासून चार फोन — "काट्रु इल्ल सार, फीडर बंद करा." वारा नाही, तर मी काय करू? फुंकर घालू? ऑगस्टात हीच माणसं सांगत होती, वीज इतकी आहे की ठेवायची कुठं! आता एकेका भागाची लाइन, म्हणजे फीडर, बंद करायचं बटण दाबणारा मी, म्हणून शिव्याही मला. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. फार वाटतात.

१३ ऑक्टोबर

वीज बंद ठेवायच्या पाळ्या ठरल्या. तिरुवैयारु सकाळी आठ ते दहा, राजवाडा दुपारी दोन ते चार. बायकोसाठी, सरोजासाठी, तमिळमध्ये उतरवून घरी आणलं. तिनं ते देवाच्या कॅलेंडराशेजारी चिकटवलं.

डॉक्टरांनी बजावलंय — तिचं ऑक्सिजनचं मशीन तासापेक्षा जास्त बंद नको. बॅटरी तासभरच टिकते. आणि आमची गल्ली राजवाडा फीडरवर, पाळी दोन तासांची.

१५ ऑक्टोबर

राजवाड्याची पाळी चुकवली. त्याऐवजी तिरुवैयारु दुसऱ्यांदा बंद. रजिस्टरात लिहिलं — लाइनवर बिघाड. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण सरोजाला वाचता येतं ते तमिळच, म्हणून इथं देवनागरीत खरं लिहितो. कुठंतरी लिहायला हवं.

१७ ऑक्टोबर

पुन्हा तेच. काल, आजही. तीस वर्षांत रजिस्टरात एक खोटं अक्षर नव्हतं!

तिरुवैयारुला माझीच थोरली बहीण, नागलक्ष्मीअक्का. दुपारी तिचा ग्राइंडर अर्ध्यात थांबत असणार. तिनं एकदाही फोन करून तक्रार केली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१९ ऑक्टोबर

समोरच्या शेषम्मा बोलल्याच. "सरोजा, तुझ्या यजमानांची पुण्याई! अख्ख्या गावात करंट जातें, आमच्या गल्लींत नाहीं." सरोजा हसली नाही. जेवताना सांभारभात तसाच ठेवला.

"माझ्यासाठीं दुसऱ्यांचं करंट काढतां कां हो?"

मी पानातला भात कालवत राहिलो.

"तिथं कोणाच्या घरीं माझ्यासारखी असली तर?"

ओरडलो मी! मग काय करू, तुला तडफडताना बघत बसू? ती नळीतून श्वास घेत राहिली. मलाच लाज वाटली. शेवटी कबूल केलं — उद्यापासून पाळीप्रमाणे. देवाशपथ म्हणा, म्हणाली. म्हटलं.

मग म्हणाली, "माझी काळजी नको. मी बघतें काय तें."

तिला काय बघता येणार आहे? जिना चढवत नाही.

२० ऑक्टोबर

त्रिचीहून मोठी बॅटरी उद्या येते. चार तास चालेल. म्हणजे प्रश्न फक्त आजचा. एक दिवस! शपथ उद्यापासून पाळीन, देव काही पळून जात नाही. तिला कळणारही नाही. फार तर म्हणेन, आज वारा होता.

दोन वाजले. राजवाडा चालू ठेवला. तिरुवैयारु बंद केला. शेवटचं. आता चहा घेतो, अंग मोडून आलंय.

२१ ऑक्टोबर

काल सव्वातीनला अक्काचा फोन. "जया, सरोजा इथं आहे! मशीन ऑटोंत घालून अकराला आली. दोन ते चार राजवाड्याची पाळी, तोंवर इथं बसतें म्हणाली. तुला सांगूं नको, ड्यूटीवर उगाच काळजी करशील म्हणाली. मी म्हटलें, इथं दुपारींही जातंय गं. तर म्हणाली, यांनीं शपथ घेतलीय, आज जायचं नाहीं. जया, मग करंट कां गेलं रे? बॅटरी संपली. ओठ निळे पडलेत!"

लगेच तिरुवैयारु फीडर चालू केला. वाचली. दवाखान्यात आहे, उशाशी मी बसलोय. तिच्या पिशवीत टाइमटेबल सापडलं, भिंतीवरून नीट सोडवून घेतलेलं.

अजून तिनं काही विचारलेलं नाही.