तुझ्या नावावरची रेघ

कोमार्नो,
१२ ऑक्टोबर १९९८

चि. बोरी हिस, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. एकोणीस वर्षांनी आलं म्हणून पोस्टमनबाईंनी घरात आणून हातात दिलं आणि मी पाकीट फोडेपर्यंत काही हलल्या नाहीत. मीही खमकी. आलुबुखाऱ्याचा मुरंबा ढवळतच राहिले. यंदा फळ उदंड आलंय. गुडघे कुरकुरतात, पण छिन्नी अजून हातात नीट बसते.

आबेल गेला त्याचं वाईट वाटलं, असं लिहायची रीत आहे. खरं सांगू? त्या दिवशी मी दोनदा जेवले. त्याला इथे पुरायला आणलंस तेव्हा तू काळा चष्मा लावून माझ्यासमोरून गेलीस, तेही पाहिलं.

आता लिहितेस, "एतेल्काताई, आबेलच्या दगडावरचं तुझं नाव काढ आणि माझं घाल. लग्नाची बायको मी आहे. सर्व संतांच्या दिवशी गाव मेणबत्त्या घेऊन थडग्यांवर येईल, मला मान खाली घालायला लावू नकोस."

नवराबायकोचा दगड जिवंतपणीच कोरून ठेवायचा, ही आपल्याकडची पद्धत. माझं नाव, जन्मसाल आणि पुढची मृत्यूच्या सालाची जागा कोरी. नवरा नेलास, आता माझं थडगंही हवं. बरं.

बाबांची आठवण आली. हंगेरियन, स्लोव्हाक, एकदा तर एक चेक कप्तान, सगळ्यांची नावं त्यांनी थडग्यांच्या दगडांवर कोरली आणि सगळ्यांत तो डोक्यावर रेघ असलेला á होता. "भांडू देत लेकाच्यांना," म्हणायचे, "मेल्यावर डोक्यावरची रेघ सारखीच." ती तिरकी रेघ सगळ्यात शेवटी, बारीक छिन्नीने, एकाच घावात. दुसरा घाव पडला की दगडाची कपची उडते. आणि ते काम धाकट्या हाताचं, म्हणजे तुझं. नऊ वर्षांची होतीस, जीभ बाहेर काढून मारायचीस.

तू आबेलबरोबर पळालीस त्याच हिवाळ्यात आई गेली. तू आली नाहीस. बाबांनी तिच्या दगडावर 'Klára' कोरलं आणि रेघ तेवढी मारायची ठेवली. मी छिन्नी उचलली तर ओरडले, "हात लावू नकोस! बोरी येईल." सहा वर्षं दर रविवारी दगडापुढे उभे राहायचे. फाटकाचा आवाज झाला की वळून बघायचे. मरतानासुद्धा मला विचारलं, "आली का गं?"

मी "नाही" म्हणाले. ते "नाही" मी तेव्हापासून उरात घेऊन बसलेय.

तर तुझं काम झालं. माझं नाव घासून काढलं, फार हलकं वाटलं. तुझं पाळण्यातलं पूर्ण नाव घातलं, अक्षरं सुरेख आलीत. पुढची जागाही कोरी ठेवली नाही. तिथे १९७९ घातलंय, तू आम्हाला मेलीस ते साल. खोल कोरलंय, घासून निघायचं नाही. तुझ्या नावातल्या á वरची रेघ मीच मारली, एका घावात. छिन्नी हातात होतीच, म्हणून आईचीही मारून आले. आता या गावात तुझी वाट बघणारं काही उरलेलं नाही.

सर्व संतांच्या दिवशी यायची तसदी घेऊ नकोस. शेवंती मी वाहीन. गावात सांगूनही झालंय, लोक तुझ्या नावाची मेणबत्ती लावतील.

तुझ्या पश्चात एकटी उरलेली बहीण,
एतेल्का