बकऱ्यांचा चारा

प्रिय मेघा,

अनेक आशीर्वाद. तुझ्याबरोबर काम करणारी पायल सोमवारी तुमच्या मदत छावणीवर परत निघते आहे, तिच्याजवळ हे पत्र देतो आहे. फोनवर मला हे जमलं नसतं. तुझा आवाज ऐकला की मी लगेच डाळीचे भाव नाहीतर तुझ्या आईचा गुडघा यांच्या आडोशाला जातो, हे तुला ठाऊकच आहे. इकडे ऊन मी म्हणतंय. आईनं भिवापुरी मिरच्या गच्चीवर वाळत घातल्यात आणि माझ्याशी ती कामापुरतंच बोलते.

दिवाळीत तू फोन केला होतास. पाऊस पुन्हा हुकला, तळी आटली, पण लढाई अजून डोंगरापलीकडे आहे आणि रस्ता खुला आहे. आत्ताच बकऱ्यांसाठी चारापाणी घेऊन द्या, बकऱ्या जगल्या तर दूध राहील आणि पोरं तगतील, असं म्हणालीस. आमच्या दाल-मिलवाल्यांच्या समितीत मी ते मांडलं. मांडलं कसलं, हसत हसत सांगितलं. नत्थूजी म्हणाले, "तिकडे माणसं मरून राहिले अन् तुमची पोरगी बकऱ्यांले चारा मागून राहिली, काहून गा?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आईनं विचारलं, "तुमच्या मायनं बकरी काय शोभेसाठी पोसली होती?" मी पेपर तोंडासमोर धरला. मेघा, कोरड्या उन्हाळ्यात माझी माय आधी बकरीपुढे पाला टाकायची, मग आमच्या ताटात भाकर. मी त्याच दुधावर वाढलो. त्या हसण्याची मला फार लाज वाटते.

मग मी तुला फोटो मागितला. वाळलेलं पोर दिसल्याशिवाय लोकांचा हात सुटत नाही, असं वर तुलाच शिकवलं. पोरं अजून बरी आहेत, ती बरी राहावीत म्हणूनच तर मागते आहे, असं तू म्हणालीस आणि फोटो दिला नाहीस. मी म्हटलं, मग थोडं थांबू. कशासाठी थांबायचं होतं, हे मी स्वतःला विचारलं नाही. संक्रांतीनंतर बकऱ्या मेल्या आणि तू मुकाट्यानं तिथल्या एका वाळलेल्या पोरीचा, हलीमाचा फोटो पाठवलास.

पुढचं मात्र आम्ही झटपट केलं. लकडगंजच्या चौकात भला मोठा फलक लावला. वर हलीमा, खाली समितीचं नाव, त्याखाली माझं. तुरीच्या डाळीची एवढी पोती आली की गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही. तूर पाठवायची कल्पना माझीच. आपल्याकडे भूक म्हटली की वरण-भातच आठवतो. पण ती डाळ शिजायला पाणी किती लागतं, सरपण किती लागतं, हे जन्मभर डाळ विकणाऱ्याला सुचू नये? तोवर लढाई रस्त्यावर आली आणि ट्रक बंदूकवाल्यांच्या नाक्यावर अडकून पडले. पोचले तेव्हा बायांनी डाळ हातात घेऊन पाहिली आणि पाणी कुठं आहे ते विचारलं, असं पायल सांगते. इकडे आमचा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम कधीच उरकला होता.

हलीमा ट्रक पोचण्याआधीच गेली, हे तू मला कळवलं नाहीस. परवा पायलकडून कळलं. तोवर मी रोज त्या फलकाखालून जात होतो आणि भेटेल त्याला सांगत होतो, ही पोरगी आता आपली डाळ खात असेल. काल मी फलक उतरवला. नत्थूजींनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते शिडी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "पोरीले विचारा, या खेपेले चारा कधी लागते." तेव्हा आता तू सांगशील तेव्हा आणि सांगशील तेच. फोटो कुणी मागणार नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. बोलता बोलता पायल म्हणाली, हलीमाच्या आईजवळ लेकीचा एकही फोटो नाही. तू काढलास तो एकच, आणि तिकडे तो छापून मिळत नाही. साऱ्या लकडगंजानं ते पोर पाहिलं, आणि तिच्या आईकडे काही नाही. सीताबर्डीवरून तो छापून आणलाय, या पाकिटात आहे. त्याच्यावर कुणाचंही नाव नाही. तो तिच्या हातात दे. कुणी पाठवला असं तिनं विचारलं, तर माझं नाव सांगू नकोस.

तुझाच,
बाबा