दुःखावर आनंद

दुसरा महिना, दिवस पाचवा
परीक्षेत तिसऱ्यांदा आपटलो, पण तुनशीत येऊन नशीब उघडलं! मियाओ वैद्यांनी मला लेखनिक म्हणून ठेवून घेतलं. खोली ऐसपैस, खिडकीखाली नदी, जेवणात रोज मासा. कोणाचंही अक्षर हुबेहूब काढतो, म्हणून काम मिळालं. वैद्यबुवा काढे कमीच देतात. एका भावनेनं दुसरीला मारतात: रागाला दुःख, दुःखाला आनंद, आनंदाला भीती. त्यासाठी खोटी पत्रं लागतात, ती मी लिहायची. घरच्यांना आधी सामील करून घ्यायचं, रोग्याला पत्ता लागू द्यायचा नाही. वर्षभर टिकलो की बायकोला आणि लिएनला इकडेच आणीन. पोरीला पाहून चार वर्षं झाली. निघालो तेव्हा रांगत होती.

दिवस अठरावा
चहाचे व्यापारी तेंग शेठ रागापायी रक्त ओकत होते. मी त्यांच्या वडिलांच्या अक्षरात लिहिलं, धाकटा भाऊ नदीत बुडाला. शेठ ढसाढसा रडले आणि रक्त थांबलं! शेठच्या म्हाताऱ्या बापानं माझी पाठ थोपटली. म्हणाला, लेका, माझं अक्षर माझ्यापेक्षा तूच चांगलं काढतोस.

तिसरा महिना, दिवस दुसरा
शेठ रडायचे थांबेनात. मग दुसरं पत्र दिलं, भाऊ सापडला. आता हसणं थांबेना. दोन दिवस झाले, घोटभर पाणीही पोटात नाही. वैद्यांनी तिसरं सांगितलं: शेठ, तुम्ही दहा दिवसांचे सोबती. तेही लिहिलं.

दिवस सातवा
शेठ गेले. वैद्य शांतपणे म्हणाले, राग तर गेला ना! माझं डोकंच फिरलं. शाईचा दगड आपटून फोडला, तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी फक्त माझी नाडी पाहिली आणि म्हणाले, तुमच्या यकृतात आग आहे, राग तिथेच साठतो.

दिवस सोळावा
बायकोचं पत्र. देवी येऊन लिएन गेली.
खोटं आहे. रागावर दुःख! मला शिकवतात होय? वैद्यांना तोंडावर विचारलं. म्हणाले, यात माझा हात नाही. ते दुसरं काय म्हणणार? पण अक्षर तिचंच आहे. बायकोचं अक्षर मी ओळखणार नाही का?

दिवस अठ्ठाविसावा
घास उतरत नाही. खोकला. पोरगी गेली. माझी पोरगी गेली.

चौथा महिना, दिवस सहावा
बायकोचं दुसरं पत्र! लिएन जिवंत आहे, धडधाकट आहे! वैद्यांनी कबूल केलं, पहिलं पत्र मीच तिच्याकडून लिहवून घेतलं होतं, माफ करा. माफ कसलं? पायच धरले मी त्यांचे. आत्ताच्या होडीनं निघतो.

दिवस नववा
घरी. केवढी झाली लिएन! बाबा म्हणत बिलगली. बायको हसते आहे. सारखी हसते आहे—

दिवस दहावा
दुःखावर आनंद.
हे मला आत्ता का सुचावं? बायकोला म्हटलं, शपथ घे. ती चुलीकडे वळली. घरच्यांना आधी—
नाही. लिएनच आहे. माझीच—
बायको विहिरीवर गेली आहे. पोरीला जवळ घेतलं. म्हटलं, बाळ, मी रागावणार नाही, काय हवं ते माग. तिनं दाराकडे पाहिलं. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, काका, मला माझ्या घरी कधी सो—