तिसरी पाळी

९ एप्रिल
शाळेची विहीर आटली. आता पाणी फक्त देवळामागच्या विहिरीला. टँकरही तिथंच ओततो. आज मुसलमान गल्लीतल्या बायकांना कुणी तरी "आधी आमचं भरू द्या" म्हणालं. घागर फुटली, मग एकाचं डोकं.

१० एप्रिल
तहसीलदार अहमदपूरहून आले. जिल्हा नवा, माणसं कमी; पोलीस रोज मिळणार नाहीत म्हणाले. शांतता समिती केली. देवळाकडून किराणावाले शिवलिंगअप्पा, मशिदीकडून करीमचाचा. लिहायला मी. तहसीलदार म्हणाले, "शाळेच्या बाई दोघांतल्या कुणाच्याच नाहीत."
बरोबर. आम्ही बौद्ध वस्तीतले.

१२ एप्रिल
दुपारी अप्पा शाळेत. "बाई, त्यांना सांगा, घरटी दोनच घागरी." चहा घेतला नाही. मागून चाचा. चहा घेतला. "अप्पाला समजवा बाई. लेकरं तहानून राहिलीत."

१५ एप्रिल
जमलं. शाळेच्या व्हरांड्यात दोघं एका सतरंजीवर. सकाळी देवळाकडची पाळी, चारनंतर मशिदीकडची. अप्पांनी चाचांचा हात धरला. मला खरंच बरं वाटलं.
लिहिताना हात थांबला. आमची वस्ती? आमच्या बायका अजून नदीतल्या झऱ्यावर जातात, दीड कोस. विचारलं. चाचांनी अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "आत्ता कुठं मिटून राहिलंय, बाई. तुमचं बघू पुढं."
समझोत्याचा कागद घरी आणलाय. सही नाही केली.

१६ एप्रिल
मायला सांगितलं. नुकतीच झऱ्यावरून आली होती, पाय चोळत बसलेली. "कर सही. भांडण पेटलं की आदी आपल्याच घरावर येतंय." मग, "न्हाई केलीस तरी मी काय म्हणणार न्हाई."
त्यानं जास्तच अडकले.

१७ एप्रिल
दोघांना कागद वाचून दाखवला. दोन पाळ्या, आणि मी रात्री घातलेली तिसरी: बारा ते दोन, बौद्ध वस्ती. भर उन्हाची वेळ, कुणाला नको असलेली.
चाचांनी अंगठा उमटवला. अप्पा "लोकांना विचारतो" म्हणून उठले. चाचांकडं बघितलंही नाही.
जुळलेलं मीच मोडलं का? न लिहिता राहिले असते तर…

१८ एप्रिल
अप्पांचा निरोप नाही. दुकान सकाळपासून बंद. विहिरीवर माणसं जमलीत म्हणे, कुठल्या बाजूची ते कुणी सांगत नाही.
बाराला दहा कमी. माय घागर घेऊन दारात उभी, मागं शेजारच्या दोघी.
"तूच लिवलंस ना," म्हणते. "चल मग."
जाते मी.