हलवू की हटवू

३ मार्च

कॉलेजात शिकवत होते, तिथून उचलून थेट नगरपालिकेत नेलं मला! परदेशी मंडळी आलीत आणि त्यांची भाषा येणारी गावात मी एकटीच. त्यांचा तो व्यापारी मार्ग – रेल्वे, गोदामं, बंदरं – कितीतरी देशांतून गेलाय. आता म्हणे आपल्या किनाऱ्यापर्यंत आणायचाय. भिंतीवर नकाशा लावला. तांबडी रेघ डोंगर उतरून सरळ आपल्या धक्क्यावर. त्यांचे मोठे साहेब बोलत होते, मी आपल्या भाषेत सांगत होते, आणि एकदम दिसलं – रेघेच्या टोकाखाली दादाची शेड! होड्या दुरुस्त करायची. नकाशाकडे बघतच राहिले. नगराध्यक्ष म्हणाले, "बाई, थांबलात का?" पाणी प्यायले आणि पुढचं वाक्य सांगितलं.

४ मार्च

आमच्या ह्यांचा आनंद गगनात मावेना. लाँच चालवून चालवून कंटाळलेत. नव्या बंदरात क्रेनवर घेतील म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगूनही आले! संध्याकाळी दादा आला. चहाला हात लावला नाही. "तू कुणाच्या बाजूची, तेवढं सांग."

मी म्हटलं, अरे, मी नुसती मधल्या खुर्चीवर बसते.

"मग ऊठ तिथून."

हे मध्ये पडायला गेले, तर – "जावईबापू, तुम्ही क्रेन चालवा." आणि गेलासुद्धा.

मला दोघांचंही पटतं. पंचाईत तीच आहे.

८ मार्च

काही कळत नाही. डोक्याचा नुसता भुगा.

१२ मार्च

आज जाहीर सभा. हॉल गच्च. दादा उठला. मला वाटलं ओरडेल. पण अगदी हळू बोलला – "माझ्या शेडचं काय करणार, एवढंच सांगा." साहेबांनी उत्तर दिलं. छोटंसंच. पण त्यात जो शब्द वापरला त्याचे त्यांच्या भाषेत दोन अर्थ होतात – दुसरीकडे नेणं, आणि काढून टाकणं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. दादासुद्धा. मी म्हणाले, "हलवू."

टाळ्या पडल्या! वहिनीने जिन्यात गाठलं. "वन्सं, नक्की हलवू म्हणाले ना? हटवू नाही ना?"

हो म्हटलं. का म्हटलं?

१३ मार्च

साहेबांना विचारायचंच ठरवलं. चहाच्या वेळी गाठलं. काल तुम्हाला कोणता अर्थ अभिप्रेत होता? ते हसले. "तुम्ही कोणता सांगितलात?" मी सांगितला. "मग तोच." आणि बिस्किट बुडवून खाल्लं.

म्हणजे? आश्वासन त्यांनी दिलं की मी? घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, "झालं तर मग! सगळ्यांचंच भलं." मला हायसं वाटायला हवं. वाटत नाही.

१९ मार्च

दादा स्वतःच शेड उतरवतोय. कुणी सांगितलेलं नाही! "हलवायचीच आहे, तर माझ्या हाताने हलवेन. त्यांनी उपटली तर एक पत्रा धड राहणार नाही." टेकडीखाली मोकळी जागा पाहून ठेवलीय. तिथून पाण्यापर्यंत होडी कशी न्यायची, ते त्यालाही माहीत नाही. हे मदतीला गेले होते. दोघं एकाच तुळईची दोन टोकं धरून चालले होते, "सांभाळून, सांभाळून" करत. बघून बरं वाटलं.

दादा म्हणाला, "तू होतीस म्हणून. दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवला नसता."

२७ मार्च

शेडच्या जागी नुसतं सिमेंट. त्यावर तेलाचे डाग. परदेशी मंडळी आठवडाभर नगरपालिकेत फिरकलेली नाहीत. नगराध्यक्ष फोन घेत नाहीत.

२ एप्रिल

मार्ग आपल्याकडे येत नाही. पुढच्या किनाऱ्यावर वळवला. तिथेही आपलीच भाषा बोलतात, म्हणून साहेबांनी मला बरोबर चला म्हटलं.

मी हो म्हणाले.

दादाला अजून दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत.