कपाटातले जावई

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. ४ डिसेंबर १९७४

चि. माधवास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. इकडे सगळं बरं आहे. थंडीनं आईचे गुडघे धरलेत, आण्णांचा खोकला आहे तसाच. आबांचं तेरावं करून तू पुण्याला गेलास, त्यानंतरही माणसं भेटायला येत होती. आता घर शांत आहे. तुझ्या कुंदाचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं म्हणतोस, ते बरोबरच.

आबांच्या अडकित्त्यांची वाटणी झाली. तुझा मोराचा अडकित्ता आईनं फडक्यात बांधून ठेवलाय, येशील तेव्हा ने.

कपाट रिकामं झाल्यावर मी काच पुसली. घरातल्या प्रत्येक लग्नात नवरदेवाच्या हातात द्यायचा अडकित्ता आबा स्वतः निवडून आणायचे आणि लग्न लागलं की परत मागून घ्यायचे. आपल्या आजोबांना दुसरा कसला शौक नव्हता. दसऱ्याला सगळे खाली काढून तेलपाणी करायचे. आल्या-गेल्याला एकेक दाखवत घराण्याचा इतिहास सांगायचे. "हा आमच्या नंदिनीच्या लग्नातला. जावई बेळगावला असतात, मोठ्या हुद्द्यावर." आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी.

आपल्या आत्याचे यजमान वारले, त्याच आठवड्यात आबांनी त्यांचा अडकित्ता उतरवून ट्रंकेत टाकला. माझा मात्र वरच राहिला. मेलेल्याचा खाली आणि दुसरं बिऱ्हाड थाटलेल्याचा वर. तेव्हा मला आत्याचा हेवा वाटला होता. असं कुणी लिहीत नाही, पण वाटला होता.

परवा रविवारी ते बेळगावचे नृसिंहराव आले होते.

तुला हे नवीन नाही, तरी लिहिते. आण्णा त्यांना आणायला एस.टी. स्टँडवर गेले. आई मला म्हणाली, "जरा हिरवं लुगडं नेस, घरात बरं दिसतं." एकोणीस वर्षांनी माणूस उंबऱ्यात आला आणि मला म्हणाला, "काय, बरं आहे ना?" शेजारच्या घरात डोकावून विचारावं तसं.

मी मोरीत हात धुवायला गेले. विठाबाई भांडी घासत होती. तिनं विचारलं, "अक्का, कोन आल्यात?"

"पाहुणे."

"पावणं हायत, मग तुमी कितींदा हात धुतायसा?"

मी हात पुसून बाहेर आले.

जेवणं झाली. आण्णांनी ताटात शेला, नारळ आणि तो अडकित्ता ठेवून त्यांच्यापुढं केला. त्यांनी तो उघडून-मिटून पाहिला. म्हणाले, "छान आहे की. आमच्या थोरल्याचं लग्न दोन-चार वर्षांत होईलच. त्याच्या हातात शोभेल."

माधव, आण्णा सतरंजीकडे बघत राहिले. आई चहा टाकायच्या निमित्तानं उठली. मग तेच म्हणाले, "माधवरावांनी आग्रहानं बोलावलं म्हणून आलो. कुंदाला बघायला सांगलीचे येतील त्या दिवशीही येऊन बसेन, काळजी करू नका."

म्हणजे सांगलीकरांनी विचारलंच, मुलीची आत्या माहेरी का, तर दाखवायला माणूस हवा. आबांनी कपाटातला दाखवला, तू खुर्चीतला दाखवणार.

मी पुढं झाले आणि अडकित्ता त्यांच्या हातून काढून घेतला. म्हटलं, "हा माझ्या लग्नातला आहे. तुमच्या थोरल्याला दुसरा घ्या."

आण्णा म्हणाले, "नंदे, आत जा. जावयाचा मान असतो."

"कोण जावई?" मी विचारलं. "यांच्या घरात चूल कोण पेटवतं, ते माधवनं डोळ्यांनी पाहिलंय."

पाहिलं होतंस ना? मला आणायला तूच बेळगावला आला होतास. ती बाई मूल कडेवर घेऊन दारात उभी होती, आणि तू माझी ट्रंक उचललीस. निपाणीपर्यंत एस.टी.त तू एक शब्द बोलला नाहीस. मग म्हणालास, "अक्का, मी आहे." त्या शब्दावर मी इतकी वर्षं या घरात पाणी दिलं.

ते संध्याकाळच्या गाडीनं गेले. शेला आणि नारळ घेऊन गेले. अडकित्ता मी विठाबाईला दिला. तिच्या नवऱ्याला, केरबाला, सुपारीचं वेड आहे. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली, "लई धारंचा हाय ओ." असणारच. आमच्याकडे त्यानं कधी सुपारी कातरलीच नव्हती.

आण्णा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, पण माझ्याकडे बघत नाही. उचगावला मी शिकवते त्या शाळेजवळ तिथल्या शालूबाईंनी त्यांच्या घरामागची खोली देऊ केलीय. पुढच्या आठवड्यात जाईन. सांगलीकर येतील तेव्हा मी घरात नसेन, त्यामुळे तुझी अडचण आपोआप दूर होईल. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. कुंदाला मात्र खरं सांग. तिला या घरातून जायचंय, कुठं परत येता येतं आणि कुठं नाही, हे तिला माहीत असावं.

एकच मागणं आहे. लग्नाच्या पत्रिकेत माझ्या नावामागं 'सौ.' लावू नकोस. आडनावही नको. छापायचं असेल तर नुसतं नाव छाप, नाहीतर राहू दे.

नंदिनी