लहारा मैदानावरचं बारावं शतक

सोमवार, ४ ऑगस्ट

आई येते म्हणाली!

पाण्यात खांबांवर उभ्या आमच्या घराच्या मागच्या ओट्यावर मी भांडी विसळत होते. हातातलं ताट कठड्यावरून थेट खाली समुद्रात. ओहोटी होती म्हणून मिळालं तरी, चिखलाने माखलेलं. एरवी केवढी बोलली असती! आज नाही. "शनिवारी येईन," म्हणाली. "पण मी क्रिकेट बघायला येतेय. कुणा माणसाला बघायला नाही."

कुणा माणसाला! पोटच्या मुलीला!

तीन वर्षं झाली. बाबा गेले तेव्हा इदाऊताई देशाच्या संघाबरोबर परदेशात होती. निरोप पोचला, पण अंतिम सामना दोन दिवसांवर होता. ती खेळली, आणि मग आली. तोवर बाबांना माती दिली होती. आई दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "ज्यांच्यासाठी थांबलीस त्यांच्याकडे जा." तेव्हापासून ताई आत्याकडे राहते, गावाच्या दुसऱ्या टोकाला. फळ्यांच्या वाटेवर दोघी समोरासमोर आल्या तर आई पाण्याकडे बघते.

मी वर्षभर मागे लागले होते. आज कशाने पाझरली कोण जाणे. विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती.

मंगळवार, ५ ऑगस्ट

मोरेआसाहेबांशी भांडले. आमच्या मैदानाचे व्यवस्थापक. मी त्यांच्या हाताखाली माईकवर – कोण बाद झालं, कोण आलं, किती धावा, हे सांगणारी. मीच हट्टाने मोटू भाषेत सांगायला सुरुवात केली. गावाच्या मैदानावर गावाची भाषा नको?

आजचं भांडण पावडरीवरून. बायकांना डबे आत आणू देत नाहीत. म्हणजे आपल्या माणसाने पराक्रम केला तर त्याच्या मानेवर पावडर थापायची नाही! मग तो पराक्रम झाला हे त्याला कळणार कसं?

"पाहुणे येतात, टीव्हीवाले येतात," साहेब म्हणाले. "बायका पावडर उधळत आत धावल्या तर शोभेल का?"

"धावणार नाहीत. दोरीच्या बाहेर थांबतील. खेळाडू दोरीपाशी येईल. शब्द देते मी."

"तू? गावातल्या सगळ्या बायकांचा शब्द?"

"हो."

"एक जरी बाई दोरी ओलांडून आली ना मायरी, तर माईक मी दुसऱ्याच्या हातात देईन."

मान्य! आमच्या बायका शिस्त पाळतात हे जगाला दिसू दे. घरातली मी पहिली पदवीधर. गावासाठी एवढंही करता येत नसेल तर पोर्ट मोर्स्बीच्या विद्यापीठात चार वर्षं काय केलं मी?

लहारा मैदानावर आजवर अकरा आंतरराष्ट्रीय शतकं झाली. अकराच्या अकरा पाहुण्यांची! पॅव्हिलियनच्या भिंतीवर त्यांची नावं सोनेरी अक्षरांत लावलीत. प्रत्येकासाठी आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. रारुआमामा म्हणतो, "आपण यजमान ना! पाहुण्याला मासाही वाढायचा नि शतकही."

बारावं आमचं हवं. इदाऊताईचं हवं. तिसऱ्या क्रमांकावर खेळते ती, आणि या वर्षी तिची बॅट बोलतेय.

गुरुवार, ७ ऑगस्ट

सरावाला जाऊन ताईला सांगितलं, आई येतेय. ती हेल्मेटचा पट्टा लावत होती. हात थांबले.

"कुठे बसणार?"

"पॅव्हिलियनच्या समोर, झाडांखाली. काकी नि सगळ्या..."

"नको सांगूस! कुठे ते सांगू नकोस."

मग पुढचे तीन चेंडू तिला दिसलेच नाहीत. तिन्ही स्टंपवर. प्रशिक्षकबाई ओरडल्या, "इदाऊ, मासे मोजतेयस का?"

मी चूक तर केली नाही ना?

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आईने पावडरचा नवा डबा आणलाय. साबूदाण्याच्या पिठाच्या पिशवीमागे ठेवलाय. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

शनिवार, ९ ऑगस्ट

काय झालं हे नीट लिहून काढते. आज लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःला सोयीचं असं काहीतरी आठवेन.

पाहुण्या मुलींनी दोनशे सहा केल्या. आमची पहिली विकेट झटपट गेली, ताई आली. वारा जोराचा, धूळ डोळ्यांत. पहिल्या दहा-बारा चेंडूंत ती दोनदा वाचली. मग लय सापडली. मी माईकवर धावा सांगत होते, आवाज सरळ ठेवत होते – बहीण म्हणून नाही, मैदान म्हणून बोलायचं असं ठरवलं होतं. पन्नास झाल्या तेव्हा झाडांखाली गाणं सुरू झालं. ऐंशी झाल्या तेव्हा गाणं थांबलं. कुणी सुपारीसुद्धा चघळेना. मला तिथून आई दिसत होती. काकीच्या शेजारी, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

नव्वद झाल्या. शेजारी रूथ धावा लिहीत होती. शाळेतली मैत्रीण माझी.

नव्व्याण्णव.

चेंडू आला, ताईने वळवला – मला तसंच वाटलं! – मागे, सीमेच्या दिशेने गेला, आणि दोघी धावल्या. ताई अलीकडच्या टोकाला पोचली. मी माईकमध्ये किंचाळले, "शंभर! लहाराचं बारावं, आपलं पहिलं! इदाऊ – शंभर!"

रूथने माझा दंड धरला. "अगं थांब! पंचांची खूण होऊ दे!"

पण शब्द गेला होता. कर्ण्यांतून सगळ्या मैदानावर गेला होता. झाडांखालच्या बायका उठल्या, दोरीपर्यंत आल्या आणि थांबल्या. खरंच थांबल्या! माझा शब्द पाळला त्यांनी. सगळ्यांनी.

एकीशिवाय.

आई दोरीखालून वाकून आत गेली होती. सांधे दुखतात म्हणून चर्चच्या पायऱ्या चढताना माझा खांदा धरणारी आई! पंचांची पाठ तिच्याकडे. एकटी, हातात डबा, गवतावरून चाललेली. मी रूथकडे वळले, "आई! माझी आई!" असं काहीतरी बोलले, पुन्हा बघते तर ताई क्रीज सोडून आईच्या दिशेने निघालेली. चालत. बॅट तिथेच टाकून. आईने डबा तिच्या मानेवर अख्खा उपडा केला. पांढरा ढग उठला. ढगात दोघी.

आणि मागे विकेटकीपरने चेंडू फेकला, गोलंदाजाने बेल्स उडवल्या, आणि अपील झालं.

चेंडू जिवंत होता. कुणी संपला म्हटलंच नव्हतं. पंचांनी मागे वळून बघितलं – क्रीज रिकामी. बोट वर. मग आमच्याकडे तोंड करून त्यांनी गुडघ्याला हात लावला. लेगबाय. चेंडू बॅटला लागलाच नव्हता, पॅडवरून गेला होता. धाव संघाची. ताईची नाही.

नव्व्याण्णव. धावबाद.

आईने आधी पंचांचं बोट पाहिलं, मग ताईचं तोंड, मग स्वतःचे पांढरे हात. डबा खाली पडला. ती वळली आणि सरळ फाटकाबाहेर निघून गेली. कुणी हाक मारली तर थांबली नाही. ताई मानेवरची पावडर न पुसता पॅव्हिलियनमध्ये गेली.

सामना आम्ही जिंकलो, दोन विकेट राखून. एकही टाळी वाजली नाही. शेवटची धाव मीच सांगितली. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

त्याच दिवशी, संध्याकाळ

आई मागच्या ओट्यावर समुद्राकडे तोंड करून बसलीय. केळी नि मासा नारळाच्या दुधात शिजवून पुढे ठेवलं. हात लावला नाही.

फळ्यांवरून जाणारे येणारे बोलतात. हळू बोलतात असं त्यांना वाटतं. "गोलंदाजांना जमेना, शेवटी आईने बाद केलं!" आणि हसतात. हसण्यासारखं काय आहे यात?

"तिला सांग," आई म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा ताईसाठी निरोप! मी धावत जवळ गेले. "तिला सांग, मी पुन्हा तिच्या नजरेला पडणार नाही. बापाची शेवटची भेट तिने घालवली म्हणून मी तिला बाहेर काढलं. आज तिचं मी काय घालवलं?"

आधी राग होता, आता लाज. भिंत तीच. आणि ती मी माझ्या तोंडाने बांधली. एका शब्दाने! मला दोघींना जवळ आणायचं होतं. स्वतःला किती शहाणी समजत होते मी!

रविवार, १० ऑगस्ट

आई चर्चला आली नाही. ती न आलेला रविवार मला आठवत नाही.

प्रार्थना संपल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, "काल माझ्या आईची चूक नव्हती. शतक झालं असं मी सांगितलं. खूण व्हायच्या आधी सांगितलं. ती माझ्या शब्दावर आत गेली. जे बोलायचं ते मला बोला."

वाटलं, आता दगड पडतील.

मग मागून रारुआमामा – "सगळ्या घराण्यात एक पदवीधर काढली देवाने, आणि तिला नव्व्याण्णव नि शंभर वेगळे कळेनात!"

सगळं चर्च हसलं. पाद्रीबाबासुद्धा! मी थिजून उभी. मला शिक्षा हवी होती आणि हे लोक हसत होते. काकीने मला खाली ओढलं. "बस गं. आम्ही काय बहिरे होतो? आम्हीही ऐकलं, पण दोरीपाशी थांबलो. तुझी आई ऐकून नाही धावली. तिला निमित्त हवं होतं."

घरी आल्यावर आईला सांगितलं की सगळ्यांसमोर मी कबूल केलंय. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "मला वाचवायला बोलतेस. पाय माझे होते."

आता काय करू?

सोमवार, ११ ऑगस्ट

माईक गेला. मोरेआसाहेब रागावलेसुद्धा नाहीत, तेच जास्त लागलं. "एकच बाई आली," म्हणाले. "पण शब्द तू सगळ्यांचा दिला होतास."

बरोबर आहे. वाद घातला नाही.

बाहेर पडताना भिंतीसमोर उभी राहिले. अकरा नावं. बाराव्यासाठी जागा पुसून ठेवली होती कुणीतरी. शनिवारी सकाळी मीच पुसली होती.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आत्याकडे गेले. ताई सरावाला गेली म्हणाली. दुसऱ्याच दिवसापासून जाते! आत्याला म्हटलं, चिडलीय का माझ्यावर? आत्या म्हणाली, "चिडली असती तर बरं. ती गुणगुणते. सामन्यानंतर तीन दिवस गुणगुणतेय. मलाच भीती वाटायला लागलीय."

डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना? नव्व्याण्णववर असं बाद झाल्यावर माणूस गुणगुणतो?

आई तीन दिवस ओट्यावरून हलली नाही. फक्त पाणी पिते.

बुधवार, १३ ऑगस्ट

इदाऊताई घरी आली. तीन वर्षांनी. हाक न मारता, सरळ आत.

मी रडायलाच लागले. माफ कर, मी ओरडायला नको होतं, माझ्यामुळे... तिने मला पुढे बोलू दिलं नाही. ती बोलत माझ्याशी होती, पण आवाज मागच्या ओट्यापर्यंत जाईल इतका मोठा.

"तुझ्या ओरडण्याचं काय घेऊन बसलीस? चेंडू बॅटला लागला नव्हता हे मला कळणार नाही? नव्व्याण्णवच होते. आणि चेंडू कीपरच्या हातात होता, तेही दिसत होतं मला."

"मग क्रीज का सोडलीस?"

ओट्यावरची फळी करकरली. ताई तिकडेच बघत होती.

"आई अर्ध्या वाटेत थांबली होती. परत वळत होती."